पाल्मरचं ‘नको, जमेल’

आमच्या शेजारचे पाल्मर नेसवोल्ड अडतीस वर्षं गावच्या धान्यकोठाराच्या वजनकाट्यावर होते. मका आला, सोयाबीन आलं, गहू आला, गाडी काट्यावर घ्यायची, आकडा वाचायचा, चिठ्ठी फाडून द्यायची, एवढंच काम. पण त्या कामात त्यांनी कधी कुणाची भीड धरली नाही. सख्खा भाऊ ट्रक घेऊन आला तरी टपरीतून बाहेर येऊन खाली वाकून बघायचे, मागचं चाक पुरतं काट्यावर आहे ना. भाऊ वैतागायचा. "अरे, मी तुझ्याच आईच्या पोटचा ना?" पाल्मर म्हणायचे, "म्हणूनच बघतोय. हातभर पुढे घे."

असा माणूस कुणाचं काही घेत नाही. द्यायला मात्र पुढे. आमच्या पायऱ्यांवरचं बर्फ एक्केचाळीस हिवाळे त्यांनीच काढलं, तेही आम्ही उठायच्या आत, म्हणजे आभार मानायची सोय नको. उलट त्यांना काही देऊ केलं की उत्तर ठरलेलं: "नको, जमेल." पित्ताशयाचं दुखणं उठलं तेव्हा स्वतः गाडी चालवत तीस मैलांवरच्या दवाखान्यात गेले. नर्सने चाकांची खुर्ची पुढे केली, तर तिलाही म्हणाले, "नको, जमेल," आणि दारातच आडवे झाले.

तसं ‘नको’ म्हणायला आमच्या अख्ख्या गावालाच येतं. इथे पहिल्या विचारण्याला कुणी कॉफीसुद्धा घेत नाही. पण पाल्मरच्या घरी त्याचं शास्त्रच होतं. सात भावंडं, वडील लवकर गेलेले, चर्चकडून पिठाची आणि जुन्या कपड्यांची खोकी घरी यायची. त्यांच्या आईने मुलांना बसवून शिकवलं होतं: "पहिल्यांदा विचारतात ते रीत म्हणून. दुसऱ्यांदा विचारतात ते शेजारी म्हणून. तिसऱ्यांदा विचारलं की समजायचं, मनापासून आहे. तेव्हा हो म्हणायचं, आणि लगेच म्हणायचं. चौथ्यांदा कुणी विचारत नसतं." आम्ही सगळेच असे वाढलो, फक्त आमच्या आयांनी ते इतकं नीट मांडून सांगितलं नाही.

पाल्मरच्या परसात एक शेड आहे, बारा फूट बाय सोळा. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी त्यांनी ती बायकोच्या मागासाठी बांधली. आर्डिसच्या आजोबांनी ओकच्या लाकडाचा केलेला हातमाग, घरातल्या कुठल्याच खोलीत मावेना. रेल्वेचे जुने स्लीपर जमिनीवर टाकले, त्यांवर शेड उभी केली, आणि आर्डिसने तिथे पन्नास वर्षं चिंध्यांच्या सतरंज्या विणल्या. लोक फाटकी पांघरुणं आणून द्यायचे, मुलांचे तोकडे झालेले कपडे द्यायचे, गेलेल्या माणसांचेही द्यायचे. माझ्या सासऱ्यांच्या सहा निळ्या सदऱ्यांवर मी रोज सकाळी अंथरुणातून पाय खाली ठेवते.

आमची जमीन काळी, चिकण. हिवाळ्यात चार फूट खोल गोठते आणि फुगून वर येते. वसंतात पुन्हा खाली बसते, पण जिथून उठली तिथेच बसेल तर शपथ. पन्नास वर्षांत स्लीपर कुजले, शेडचा एक कोपरा वर गेला, एक खाली. लाकडी जमीन झोपाळ्यासारखी झाली. माग तिरका उभा राहू लागला आणि सतरंज्या तिरक्या येऊ लागल्या. एक कड दुसरीपेक्षा वीतभर लांब. आर्डिस उसवायची, पुन्हा विणायची. पाल्मर मागाच्या पायांखाली पाचरी ठोकायचे. पुढच्या वसंतात परत तेच. शेवटी दोन वर्षांपूर्वी तिने धोटा खाली ठेवला. चिडली नाही, रडली नाही. खिडकीपाशी बसू लागली. दुपारी मी गेले की बोलायची, पण विचारलं तेवढंच. पाल्मर तिच्याशी बोलताना माझ्याकडे बघायचे, म्हणजे उत्तर कुणाकडून तरी येईल.

फार्गोला असते त्यांची मुलगी, जोलीन. तिने ऑगस्टमध्ये सांगितलं, विणकाम शिकवणारी एक शाळा आहे, त्यांना माग हवाय. "आई, इथे कुजण्यापेक्षा कुणी तरी वापरेल." बोलणं खरंच होतं तिचं. मी तेव्हा तिथेच होते, टोमॅटो द्यायला गेले होते. आर्डिस म्हणाली, "नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सणाला या आणि घेऊन जा." मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "त्याच्या आत तो इथे सरळ उभा राहिला, तर मात्र इथेच राहील."

पाल्मर उठले, बाहेर गेले, शेडला एक फेरी मारून आले. "खाली काँक्रीटचा कोबा घालतो," म्हणाले. "जमीन हलली तरी अख्खा कोबा एकदम हलेल. तिरकं व्हायचं कारणच नाही."

वय शहात्तर. पण दुसऱ्या दिवसापासून कामाला लागले. आधी माग सुटा केला. आर्डिसने प्रत्येक खुंटीला आणि ती बसते त्या भागाला एकाच रंगाची चिंधी बांधली, म्हणजे परत जोडताना घोटाळा नको. सगळे भाग आमच्या मागच्या व्हरांड्यात आणून ठेवले. लॉवेलने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, रीतसर तीनदा विचारलं तेव्हा त्याला एक टोक धरू दिलं. मग शेडच्या दोन्ही लांब भिंतींना बाहेरून तुळया कसल्या, चार कोपऱ्यांना चार जॅक लावले. रोज सकाळी कॉफीनंतर प्रत्येक जॅकला थोडे थोडे आटे, की लेव्हल बघायची, की पुन्हा थोडे. महिन्याभरात शेड मांडीएवढी वर आली आणि लाकडाच्या चौथऱ्यांवर उभी राहिली, झगा वर धरून ओढा ओलांडणाऱ्या बाईसारखी. मग त्यांनी कुजकी जमीन काढली, काळी माती उपसली, खडी टाकून धुमसली, कडेने फळ्यांची चौकट ठोकली, लोखंडी जाळी अंथरली. सगळं एकट्याने. आणि प्रत्येक वेळी कुणी कुंपणापाशी थांबलं की "नको, जमेल."

एकच गोष्ट एकट्याने होण्यासारखी नव्हती, ती म्हणजे काँक्रीट ओतणं. परसात सांडपाण्याची टाकी पुरलेली, तिच्यावरून ट्रक नेता येत नाही. म्हणजे ट्रक रस्त्यावर उभा राहणार आणि तिथून ऐंशी पावलं ढकलगाडीने माल आणायचा. साठ-पासष्ट फेऱ्या. आणि पाणी पडलेलं काँक्रीट फार तर दीड तास थांबतं. पाल्मरनी हा हिशेब न करता ट्रक सांगितला असेल असं नाही. त्यांनी मनात सहा-सात माणसं धरलीच होती. धरली होती, बोलले नव्हते. बोलायचं नसतंच. लोक विचारतात, आपण दोनदा नको म्हणतो, तिसऱ्यांदा म्हणतो, "बरं, यायचंच असेल तर या." आमच्या गावातली सगळी कोठारं आणि छपरं अशीच झाली आहेत. ट्रक सांगितला होता ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी, सकाळी नऊला.

लॉवेलने पहिल्यांदा पोस्टात विचारलं. दुसऱ्यांदा रविवारी उपासनेनंतर, कॉफीच्या भांड्यापाशी. तिसरं त्याने राखून ठेवलं होतं. मी म्हटलं, "आत्ताच विचारून टाक ना." तर म्हणाला, "घाईने विचारलं की समोरच्याला ओझं वाटतं. बघू, त्या आठवड्यात."

आणि मध्ये आले पास्टर ब्रेंट.

पास्टर ब्रेंट ॲरिझोनाहून येऊन पाच महिने झाले होते. चांगला मुलगा. प्रार्थना मनापासून करतात, आजाऱ्याकडे न बोलावता जातात, गळाही गोड. फक्त त्यांना वाटतं माणूस बोलतो तेच त्याला म्हणायचं असतं. त्यांनी चर्चच्या दारात पाल्मरना गाठलं. मी मागे कोट घालत उभी होते.

"पाल्मर, शेडखाली काँक्रीट घालताय म्हणे! माणसं हवीत का?"

"नको, जमेल."

"नक्की ना?"

"हो हो. तुम्ही कशाला त्रास घेता."

"वा! या वयात! देवाची कृपा आहे बघा तुमच्यावर." आणि हात हातात घेऊन खूप वेळ हलवला.

पाल्मरचा चेहरा असा झाला, जणू गाडीवाला काट्यावर न चढताच वजन सांगून निघून गेला. घरी येताना लॉवेलने आणि मी वाद घातला, "नक्की ना" हे दुसरं विचारणं धरायचं की नाही. लॉवेल म्हणाला, "नाही. ते त्याच श्वासातलं आहे."

पुढच्या रविवारी पास्टरनी वेदीपुढून जाहीर केलं. "तळ्याकाठचं आपलं मुलांचं शिबिर बर्फ पडायच्या आत आवरायचंय. बोटी बांधायचा लाकडी धक्का पाण्यातून बाहेर काढायचाय. पाल्मरना लागतील म्हणून मी या शनिवारी माणसं अडकवली नव्हती, पण त्यांची सगळी सोय झालेली आहे. तेव्हा पुरुषमंडळींनी सकाळी सहाला इथे जमावं."

सगळ्या बाकांवर एकदम स्तोत्रांची पुस्तकं चाळली जायला लागली. पाल्मर चौथ्या बाकावर होते. आर्डिसने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी पास्टरकडे बघून मान हलवली. होकारार्थी.

गाडीत बसल्या बसल्या मी लॉवेलला म्हटलं, "आता लगेच जाऊन तिसऱ्यांदा विचार."

"आता कसं विचारू? वेदीपुढून सांगितलं की त्यांची सोय झालीये. मी विचारलं म्हणजे एक तर पास्टर खोटे, नाही तर पाल्मर खोटे."

"मग तू तळ्यावर जाऊ नकोस."

"नाव दिलंय मी."

"कधी?"

"मघाशी. कागद फिरत आला. सगळेच देत होते."

त्या आठवड्यात मी रोज सकाळी भांडी घासताना प्रार्थना करत होते. काँक्रीटसाठी देवाला साकडं घालावं की नाही मला ठाऊक नाही, पण काँक्रीटच्या वर जो माग उभा राहायचा होता, आणि त्या मागाशी जी बसायची होती, तिच्यासाठी मागायला काय हरकत आहे? म्हणत होते, ‘हे प्रभू, पाल्मरच्या तोंडातून एक ‘हो’ काढ, नाही तर पास्टरच्या डोक्यात थोडा उजेड पाड. तुला जे सोपं असेल ते.’ शुक्रवारपर्यंत दोन्ही झालं नाही. पाल्मरनी ट्रक रद्द करावा, तर पुढचे दोन आठवडे ट्रकवाल्याकडे दिवस नव्हता, आणि त्यानंतर जमीन गोठलेली.

शनिवारी सहाला पुरुष दोन गाड्यांतून गेले. जाताना लॉवेल पाल्मरच्या घराकडे न बघता गाडीत बसला.

माझ्या स्वयंपाकघरात त्या दिवशी चर्चच्या बाजारासाठी लेफ्से लाटायचं काम होतं. आमच्या बटाट्याच्या पातळ पोळ्या त्या. शंभर तरी लागतात. क्लॅरिस आली होती, आणि तिच्या दोन जावा. क्लॅरिस आमच्या गावची सगळ्यांत मोठ्या आवाजाची बाई, पण लाटणं हातात घेतलं की पोळीतून पलीकडचं दिसावं इतकी पातळ लाटते. पावणेनऊला मी तवा पुसत खिडकीतून पाहिलं. पाल्मरच्या मागच्या पायरीवर आर्डिसने ट्रे ठेवला होता. ट्रेवर आठ कप, पालथे मांडलेले.

"क्लॅरिस," मी म्हटलं, "तिने आठ कप काढलेत."

क्लॅरिस येऊन माझ्या खांद्यावरून बघू लागली. "अगं बाई. कोण येणारेय त्यांच्याकडे?"

"कुणी नाही."

तेवढ्यात काँक्रीटचा ट्रक आला, पिंप गरगरत. ड्रायव्हर उतरला. डुएन नाव त्याचं. त्याचा बाप पाल्मरच्या काट्यावर मका आणायचा, तेव्हापासून तो पाल्मरना काकाच म्हणतो. आमची खिडकी उघडी होती, सगळं ऐकू येत होतं.

"काका, माणसं कुठायत?"

"मी आहे ना."

"एकटे? अहो, ट्रकभर काँक्रीट आहे हे, वाटीभर खीर नाही. कुणाला बोलावू का?"

"नको, जमेल. सोड."

डुएनने आभाळाकडे बघितलं आणि पन्हळ खाली सोडलं. पाल्मरनी पहिली ढकलगाडी भरून घेतली आणि निघाले. ऐंशी पावलं, मग फळीवरून चढ, मग शेडच्या दारातून आत. रिकामी करून परत. दुसरी. तिसरी.

"जाऊ या आपण," क्लॅरिस म्हणाली.

"न विचारता?"

"मग जाऊन विचार. पण तीनदा विचारावं लागेल, तोवर इथे सगळं जळेल."

"तवा बंद कर," मी म्हटलं आणि पिठाच्या हातानेच बाहेर पडले.

सहावी गाडी चालली होती. मी कुंपणापाशी उभी राहून म्हटलं, "पाल्मर, काही मदत करू?"

"नको व्हर्ना, जमेल," ते न थांबता म्हणाले.

मी सातवी जाऊन येईपर्यंत थांबले. दोन विचारण्यांत थोडी जागा सोडावी लागते. आठवी भरताना मी पुन्हा विचारलं, "मदत करू का? आम्ही चौघीजणी आहोत."

"नको. तुमच्या पोळ्या सुकतील."

ते गेले. फळीवर चढताना ढकलगाडीचं चाक कडेला घसरलं आणि अख्खी गाडी गवतात कलंडली. पाल्मर तसेच उभे राहिले, रिकाम्या गाडीचे दांडे धरून. डुएनने हातातल्या घड्याळाकडे पाहिलं, मग पिंपाकडे.

आर्डिस पायरीवर येऊन उभी होती. ती फक्त म्हणाली, "पाल्मर."

त्यांनी तिच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी मनातल्या मनात आकडे मोजत होते, किती थांबलं म्हणजे बरं दिसेल.

"व्हर्ना," पाल्मर ओरडले, "अगं, विचार ना!"

"काय?"

"तिसऱ्यांदा! विचार लवकर, आळतंय ते!"

"मदत हवी का पाल्मर?"

"हो," ते म्हणाले. आणि जणू ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा, "हो. हवी."

डुएनने कपाळावर हात मारला. "आधी नाही का सांगायचं काका! मी एकदा विचारलं होतं, ते धरलं असतंत तर दोन मिनिटं वाचली असती."

क्लॅरिस खिडकीतून ऐकतच होती. तिने आणि जावांनी आमची ढकलगाडी काढली, तिची आणली, समोरच्या मास्तरीणबाईंची न विचारता उचलून आणली. आम्ही एप्रन तसेच ठेवून पायांत नवऱ्यांचे बूट चढवले. काँक्रीटची ढकलगाडी कशी असते ते मला त्या दिवशी कळलं. भरली की तिला स्वतःचं मत येतं. क्लॅरिस म्हणाली, "हिच्यापेक्षा माझी सासू बरी होती, निदान एकाच दिशेला ओढायची." जावा हसून हसून थांबल्या तर डुएन ओरडला, "हसा, पण चालत हसा!" त्याला ट्रक सोडून जायची परवानगी नसते. तरी शेवटच्या वीस गाड्या त्यानेच ओढल्या.

आत पाल्मर गुडघ्यांवर बसून माल पसरत होते. मग एक लांब सरळ फळी दोन्हीकडून धरून चौकटीवरून ओढत आणायची होती, म्हणजे वरचा भाग सपाट होतो. एका टोकाला क्लॅरिस. दुसऱ्या टोकाला मी धरणार, तर आर्डिस पुढे झाली. "मी धरते." मी बाजूला झाले. दोघी पाठीमागे सरकत सरकत फळी ओढत आल्या, करवतीसारखी डावी-उजवी करत. मध्येच आर्डिस थांबली.

"तिथे, त्या कोपऱ्यापासून हातभर, खाली आहे."

पाल्मरनी लेव्हल ठेवली. "बरोबर आहे की."

"आडवी ठेवलीस. लांबीत ठेव."

त्यांनी लांबीत ठेवली. लेव्हलच्या नळीतला बुडबुडा एका बाजूला सरकला. अडतीस वर्षं काटा बघणारा माणूस त्या बुडबुड्याकडे बघत राहिला, मग त्याने थापीभर माल तिथे टाकला. "आणि इथे?" त्यांनी विचारलं.

"तिथे ठीक आहे. दाराजवळ जास्त झालंय. काढ थोडं. अजून. बस."

ती बोलत होती. दोन वर्षांत तिने एका दमात इतके शब्द उच्चारलेले मी ऐकले नव्हते. पाल्मर गुरमाळा फिरवत एकेक कोपरा तिला विचारत गेले, मला शंका आहे की जे त्यांना स्वतःला दिसत होतं तेसुद्धा विचारत होते.

साडेदहाच्या आत कोबा झाला. ओल्या काँक्रीटमध्ये बोल्ट उभे केले, शेड बसल्यावर आवळायला. डुएनने ट्रक धुतला. आठ कप सुलटे झाले. त्यातला एक उरला तोही डुएननेच भरून घेतला, एकदाच विचारल्यावर. तो पलीकडच्या गावचा आहे.

त्या रात्री थंडी शून्याखाली जाईल असं रेडिओने सांगितलं होतं. ताजं काँक्रीट गोठलं तर भुसभुशीत होतं. पाल्मरनी प्लास्टिक अंथरलं आणि वर काय घालावं म्हणून इकडेतिकडे बघू लागले. आर्डिस घरात गेली आणि हातांवर गठ्ठा घेऊन आली. मग दुसरा. त्या तिरक्या सतरंज्या होत्या, अकरा, ज्या तिने कुणाला दिल्या नव्हत्या आणि उसवायचा कंटाळा करून माळ्यावर टाकल्या होत्या. आम्ही त्या कोब्यावर पसरल्या. क्लॅरिस म्हणाली, "बरं झालं वाकड्या आल्या, नाही तर आज काय पांघरलं असतं याला?" आर्डिसला हसू आलं. मी पाल्मरकडे बघितलं नाही, कारण ते नाक पुसत होते.

माझं पीठ अर्थातच गेलं होतं. शंभरातल्या चाळीसच पोळ्या झाल्या.

पुरुष चारला परतले. लॉवेलने ढकलगाडी बघितली, माझे बूट बघितले, आणि मुकाट्याने जाऊन ढकलगाडी धुतली. पास्टर ब्रेंटना रस्त्यातच कुणीतरी सांगितलं असावं. ते थेट पाल्मरच्या पायरीपाशी आले. मी सतरंज्यांच्या कडांवर विटा ठेवत होते.

"पाल्मर, तुम्ही मला नको म्हणालात."

"म्हणालो."

"मग मी समजलो, नको."

"बरोबरच समजलात. पहिलं नको हे नकोच असतं. तुमची चूक नाही पास्टर. तुम्ही फक्त लवकर निघून गेलात."

पास्टर पायरीवर बसले. डोकं हातात धरून म्हणाले, "इथे लग्नं तरी कशी जमतात?"

"वेळ लागतो," आर्डिस म्हणाली.

आठवड्याने शेड खाली उतरवायची होती. थंडी आठवडाभर टोकाशी येऊन परत जात होती. मी रोज सकाळी उठल्याबरोबर गवतावर दव आहे की बर्फ आहे ते बघायचे आणि दवाबद्दल देवाचे आभार मानायचे. शनिवारी सातला पास्टर पाल्मरच्या दारात उभे. "मदत हवी का, मदत हवी का, मदत हवी का?"

पाल्मरनी क्षणभर विचार केला. "नको, नको, हो. या."

चार जॅकवर चार माणसं. पाल्मर मध्ये उभे राहून म्हणायचे, "एक," की चौघांनी थोडेसे आटे खाली. "थांब. लॉवेल, तुझा जरा जास्त. एक." शेड उतरताना करकरत होती आणि आम्ही बायका श्वास धरून होतो, बोल्ट भोकांतून वर येतात की नाही. तीन कोपऱ्यांचे आले. चौथा पास्टरच्या बाजूचा, बोटभर बाजूला. लॉवेल म्हणाला, "गेलं." पाल्मर म्हणाले, "नाही गेलं. थांबा सगळे." त्यांनी लाकडी हातोडीने तुळईवर दोनदा ठोकलं, हलकंच, जसं कुणाच्या दारावर. शेड सरकली. "एक," ते म्हणाले. आणि ती बसली. थकलेला माणूस खुर्चीत बसतो तसा आवाज आला.

माग जोडायला दोन दिवस गेले. लाल चिंधी लालला, हिरवी हिरवीला. तिसऱ्या दिवशी आर्डिसने ताणा चढवायला घेतला. जोलीनचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. "माग न्यायला ट्रक नको," आर्डिस तिला सांगत होती. "नाही. उभा आहे. सरळ. हो, त्यानेच. नाही, एकट्याने नाही." मग खूप वेळ ऐकून म्हणाली, "थँक्सगिव्हिंगला या मात्र. येताना टेबलाची जास्तीची फळी आणा, माणसं वाढली आहेत."

नोव्हेंबरच्या पहिल्या बुधवारी जमीन गोठली. बादलीतलं पाणी दगड झालं. दुपारी मी सफरचंदं सोलत बसले होते, आणि परसापलीकडून, शेडमधून, मागाच्या फणीचा ठोका ऐकू आला. एक, मग थांबून दुसरा. हात पुन्हा बसायला वेळ लागतो. मग तिसरा, चौथा, आणि मग मोजायची गरज राहिली नाही.

लॉवेलने पेपरातून डोकं वर काढलं. "काय झालं?"

"काही नाही," मी म्हटलं, आणि सफरचंदं तशीच ठेवून जरा वेळ खुर्चीला पाठ टेकली.